मर्विनसाठी मागितलेला खेळ

मर्विन स्कायची काठी स्वयंपाकघरात भर वाटेत आडवी पडली होती, आणि त्याची बायको वर्ना सकाळपासून तिला वळसा घालून ये-जा करत होती. एका हातात कॉफीचं भांडं, दुसऱ्या हातात तवा, आणि दर खेपेला भिंतीला चिकटून चालायचं. काठी उचलून कोपऱ्यात ठेवणं तिला शक्य नव्हतं. पुरुषाच्या लाकडी काठीला बाईनं हात लावायचा नसतो, हे आमच्या मूळनिवासी वस्तीतल्या पोरींना बोलता यायच्या आधी कळतं. दुकानातल्या प्लास्टिकच्या काठ्या वर्नानं आयुष्यभर उचलल्या, धुतल्या, गाडीत कोंबल्या. त्यांचं सोवळं कोणी पाळत नाही. ही मात्र लक्रॉस खेळायची, हिकरीच्या लाकडाची, टोक वाकवून त्यात चेंडू झेलायला चामड्याच्या वादीचं जाळं विणलेली, मर्विनच्या मामाच्या हातची.

कित्येक वर्षं ही काठी दारावरच्या खुंट्यांवरून हलली नव्हती. गेल्या हिवाळ्यापासून ती कुठेही सापडू लागली. कधी न्हाणीघरात, कधी गाडीखाली, एकदा तर अंथरुणात, उशीवर डोकं ठेवल्यासारखी. मर्विन ती खाली काढायचा, कशाला काढली ते विसरायचा आणि जिथे असेल तिथे सोडून द्यायचा. मग वर्ना दोन घरं पलीकडे राहणाऱ्या भावाला, डेल्बर्टला, फोन करायची.

"ताई, तुझ्या नवऱ्याला सांग, निदान काठी माझ्या घरात टाकत जा," डेल्बर्ट वाकून ती उचलताना म्हणायचा. "माझी खेप तरी वाचेल."

"त्याला काय सांगू? सांगितलेलं राहतं का त्याच्याजवळ?"

डेल्बर्ट काठी खुंट्यांवर चढवायचा, कॉफी प्यायचा आणि मर्विनशी कालच्या हवामानाबद्दल बोलून निघून जायचा. मेव्हण्याकडे सरळ बघणं आताशा त्याला जड जात होतं.

मर्विनला वस्तीत सगळे बटाट्या म्हणतात. लहानपणी तोंड तसं गोल होतं म्हणून. पुढे तोंड लांबट झालं, नाक दोनदा मोडलं, तरी नाव गेलं नाही. आमच्या ग्रँड नदीकाठी एकदा चिकटलेलं नाव माणसाबरोबर मातीतच जातं. आमच्यात मूल आईच्या कुळाचं, त्यामुळे मर्विन आईसारखा लांडगा-कुळाचा, आणि त्याला वळण लावायचं काम बापापेक्षा मामाचं. हायरममामानं त्याच्या पाळण्यात बोटभर लांबीची काठी ठेवली होती. पोरगं उभं राहायला लागलं तसं त्याला धान्याच्या कोठाराच्या भिंतीशी उभं केलं आणि सांगितलं, चेंडू भिंतीवर मार आणि जाळ्यात झेल, भिंत कंटाळेपर्यंत. भिंत कंटाळली नाही, पण शेजारची म्हातारी कंटाळली आणि तिनं हायरमला शिव्या घातल्या. हायरमनं तिला मक्याचं पोतं नेऊन दिलं आणि पोराला उद्यापासून जरा उशिरा सुरुवात कर म्हणून सांगितलं.

विशी ओलांडता ओलांडता शहरातल्या एका मोठ्या संघानं मर्विनला पगारावर घेतलं. वस्तीत तीन दिवस त्याच्याच गप्पा होत्या. पण खरं सांगायचं तर तो चपळ नव्हता. त्याच्या वयाचा क्लेव्ह जेकब्स त्याच्यापेक्षा कितीतरी सरस. चेंडू त्याच्या जाळ्यात जाऊन झोपायचा. पण क्लेव्हच्या बापाचा काठ्या बनवायचा धंदा होता, घर सोडायची त्याला हौस नव्हती, आणि अंगानंही तो काटकुळा. मर्विन मात्र दाराएवढा रुंद. लाकडी फळ्यांनी वेढलेल्या त्या मैदानात, हिवाळी हॉकीचा बर्फ काढून जिथे लक्रॉस खेळतात तिथे, गोल करणारे वेगळे असतात आणि गोल करणाऱ्यांच्या वाटेला कोणी जाऊ नये म्हणून ठेवलेले वेगळे. मर्विनला दुसऱ्या कामासाठी घेतलं होतं. आठवडाभर तो आमच्या इतर पुरुषांसारखा उंच इमारतींच्या लोखंडी तुळया जोडायचा आणि शनिवारी माणसं आडवी करायचा.

वर्ना मुलींना घेऊन बघायला जायची. मागच्या रांगांमधून शहरातले लोक आमची टर उडवायला युद्धाच्या आरोळ्या ठोकायचे, तोंडावर हात आपटून आपटून, आणि बायाबापड्या हसायच्या. मर्विन म्हणायचा, मला ऐकूच येत नाही. पण आरोळी झाली की पुढच्या मिनिटाला मैदानात कोणीतरी पडलेलं असायचं, हे वर्नानं पाहून ठेवलं होतं. मारण्याआधी त्याचा उजवा खांदा जरासा वर जायचा. ते दिसलं की ती मुलींना खाऊ आणायच्या निमित्तानं बाहेर न्यायची. मार देणाऱ्याला मारही तेवढाच मिळतो. घरी आल्यावर ती गोठलेल्या वाटाण्यांची पिशवी त्याच्या डोक्यावर धरून बसायची.

"किती बोटं आहेत सांग."

"तुझी का माझी?" तो म्हणायचा. "काही नाही गं, डोक्यात घंटा वाजली फक्त. वाजते आणि थांबते."

अशा किती घंटा वाजल्या, त्याचा हिशेब त्यानं ठेवला नाही आणि संघानं तर मुळीच ठेवला नाही.

आता हायरममामाच्या दुखण्याची गोष्ट सांगायला हवी, कारण मर्विनच्या आयुष्याला तिथेच गाठ बसली. आमच्याकडे हा खेळ दोन तऱ्हेचा. एक पैशाचा, तिकीट काढून बघायचा. दुसरा औषधाचा. कोणी आजारी पडलं की त्याच्या नावानं खेळ मागतात, आणि वस्तीतले पुरुष लांबघराशेजारच्या, म्हणजे आमच्या प्रार्थनेच्या जागेशेजारच्या, मैदानात लाकडी काठ्या घेऊन उतरतात. तीन वर्षांचं पोरही उतरतं आणि आजोबाही. शिरस्त्राण नाही, शिट्टी नाही, कोण जिंकलं ते कोणी विचारत नाही. खेळ संपला की चेंडू आजाऱ्याच्या हातात देतात. अट एकच. मनात किल्मिष घेऊन उतरायचं नाही. राग घेऊन खेळलं तर औषध नासतं.

हायरमच्या पोटात गाठ निघाली त्या वसंतात त्याच्यासाठी खेळ मागितला. मर्विन आदल्या रात्री शहरात सामना हरून, डोळा सुजवून, पहाटे गाडी हाणत आला. वर्ना म्हणाली, झोप जरा. तो म्हणाला, मामाचा खेळ आहे, झोपू कसा. मैदानात उतरल्यावर थोड्या वेळानं चेंडू त्याच्याकडे आला, आणि समोरून क्लेव्ह आला. क्लेव्हनं आपली काठी त्याच्या काठीखाली घातली, मनगटाचा एक झटका दिला आणि चेंडू पळवून नेला. लहानपणापासून तो हेच करत आला होता. जाता जाता तो हसला, तेही नेहमीचंच. पण मर्विनच्या कानात अजून शहरातल्या आरोळ्या होत्या. खांदा वर गेला. ज्या तऱ्हेनं मारायचे त्याला पैसे मिळत, त्याच तऱ्हेनं त्यानं मारलं. क्लेव्हचा जबडा मोडल्याचा आवाज वर्नानं लांबघराच्या स्वयंपाकघराच्या दारातून ऐकला.

म्हाताऱ्यांनी खेळ थांबवला. चेंडू हायरमच्या हातात दिला गेला नाही. पुन्हा खेळ मागायचं बोलणं चाललं होतं, तेवढ्यात स्ट्रॉबेऱ्या पिकायच्या दिवसांत हायरम गेला. डॉक्टरनं गाठ पाहूनच मान हलवली होती, हे सगळ्यांना माहीत होतं. पण मर्विनच्या मनानं एकच धरलं, की मामाच्या तोंडाशी आलेलं औषध आपण सांडलं. कोणी त्याला चकार शब्द बोललं नाही. वर्नाला वाटायचं, कोणीतरी उठून याला चार शिव्या घाला रे, म्हणजे हा रडेल तरी. दहाव्याच्या जेवणाला क्लेव्ह आला. जबडा तारेनं बांधलेला. मर्विनच्या समोर बसून तो नळीनं मक्याचं सूप प्यायला. आला होता, ते मोठ्या मनानं. पण मर्विन ताट तसंच ठेवून उठला आणि बाहेर गाडीत जाऊन बसला. त्या दिवसापासून क्लेव्हच्या रस्त्यानं त्यानं गाडी नेली नाही. लाकूड गिरणीकडून लांबचा फेरा घालून तो घरी यायचा. औषधाच्या खेळातही पुन्हा कधी उतरला नाही.

पैशाचा खेळ मात्र तो आणखी बरीच वर्षं खेळला. गुडघे गेले तेव्हा थांबला आणि वस्तीतल्या तरण्या पोरांच्या संघाचा प्रशिक्षक झाला. तिथे त्यानं पहिला नियम केला की ज्यानं हात उचलला तो सामनाभर बाकावर. दुसरा नियम, डोक्याला लागलं की खेळ संपला, मग पोरगं कितीही रडो. पोरांचे बाप चिडायचे. बंदिस्त मैदानाच्या, अरीनाच्या, पायऱ्यांवर बसून मोठ्यानं बोलायचे.

"बघा रे, करून करून भागले आणि देवपूजेला लागले."

"ह्यानं अर्ध्या देशाचे दात पाडले, आणि माझ्या पोरानं नुसतं ढकललं तर बाकावर."

मर्विन ऐकायचा. आता मात्र त्याला ऐकू यायचं. पण नियम काही त्यानं मोडला नाही, आणि पोरं त्याच्यावर जीव टाकायची. त्याच्या हाताखाली ती खेळायला शिकली, हे बापांनाही शेवटी कबूल करावं लागलं.

मग एका सामन्यात, मध्यंतरात, त्यानं पोरांना गोळा करून बोलायला सुरुवात केली. डाव्या बाजूनं जा, घाई करू नका, चेंडूवर नजर ठेवा, असं सगळं नीट समजावून सांगितलं. पोरं उठायला लागली, तर म्हणाला, "बसा, मला बोलायचंय." आणि पुन्हा तेच, शब्दाला शब्द. पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. कप्तान होता त्यानं शिरस्त्राण परत काढून मांडीवर ठेवलं, तशी सगळीच बसली आणि पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखं ऐकू लागली. मागच्या दारात पाण्याच्या बाटल्या घेऊन वर्ना उभी होती. तिला पोरांचा अभिमान वाटला आणि त्याच वेळी ओरडावंसं वाटलं.

हॅमिल्टनच्या डॉक्टरनं डोक्याची चित्रं काढली आणि सांगितलं की हे वर्षानुवर्षांच्या माराचं आहे. ह्यावर गोळी नाही. हळूहळू वाढत जाईल. आधी आजचं जाईल, मग कालचं, असं मागे मागे.

"मग शेवटी काय राहील?" मर्विननं विचारलं.

"जे सगळ्यात खोल असेल ते," डॉक्टर म्हणाला. तो बरा माणूस होता, पण त्याला काय माहीत की मर्विनच्या तळाशी काय आहे. वर्नाला माहीत होतं.

तिनं गाडी घरी आणली. मग गाडी बंद करून, चावी हातात घेऊन म्हणाली, "मी तुझ्यासाठी खेळ मागणार आहे."

"नको."

"का?"

"तुला माहितीये."

"मला माहितीये. तू सांग."

मर्विननं काचेतून बाहेर बघितलं. "एकाचं औषध मी सांडलं. आता स्वतःसाठी कोणत्या तोंडानं मागू?"

"मागणारी मी आहे. तुझं तोंड तू तुझ्याजवळ ठेव."

"लोक येतील, वर्ना. वाईट वाटून येतील. पण क्लेव्ह नाही येणार. आणि तो नसला की मैदानात प्रत्येकाच्या मनात तोच असणार. मनात असं काही घेऊन खेळलं तर ते औषध नाही होत, तमाशा होतो." त्यानं काचेवर बोट ओढलं. "मला बरं व्हायचंय गं. भीती वाटते मला. पण असं नाही."

इतक्या वर्षांत त्यानं भीती हा शब्द काढला नव्हता. वर्नाला त्याची दया आली आणि रागही आला. "मग क्लेव्हला विचार."

"त्याच्या रस्त्यानं मी जात नाही."

"तू कुठेच जात नाहीस," वर्ना म्हणाली. "गाडी आता मी चालवते." आणि तिनं गाडी पुन्हा सुरू केली.

क्लेव्हची शेड घरामागे. बापामागून धंदा त्याच्याकडे आला होता. आत वाफवलेल्या हिकरीचा वास, भिंतीवर वाकवून बांधलेल्या, वाळायला ठेवलेल्या काठ्यांच्या रांगा, पायाखाली ढलप्या. वर्ना उंबऱ्याबाहेर थांबली. आत सगळ्या काठ्याच, चुकून धक्का लागायचा. क्लेव्ह बाकावर बसून लाकूड तासत होता. खालचा जबडा डावीकडे सरकलेला, त्यामुळे तो कायम काहीतरी चघळत असल्यासारखा दिसायचा. त्यानं वर पाहिलं.

"कोण, बटाट्या? मला वाटलं मेलास तू. कोणी कळवलं नाही, म्हणून दहाव्याला आलो नाही."

मर्विन तसाच उभा राहिला. टोपी काढून त्यानं हातात धरली होती. "क्लेव्ह, मी तुला मारलं."

"हो. मी तिथेच होतो."

"मामाच्या खेळात मारलं. तुझी चूक नव्हती. माझ्या मनात राग होता आणि तो मी मैदानात आणला. मला माफ कर."

क्लेव्हनं दोन-चार वेळा पातं फिरवलं, मग ते बाजूला ठेवलं. "मला राग होता तुझा," तो म्हणाला. "खूप होता. तू टीव्हीवर दिसलास की मी टीव्ही बंद करायचो आणि माझी पोरं भोकाड पसरायची, कारण कार्ट्यांना तूच आवडायचास. आता काय उरलंय? सूप पिताना थोडं सांडतं. बायको म्हणते, आधीपेक्षा बरा दिसतोस." दारातून वर्ना म्हणाली, ह्याचं डोकं दुखावलंय, ह्याच्यासाठी खेळ मागतेय मी. क्लेव्हनं खुर्ची पायानं पुढे सरकवली. "बस. ताटकळत कशाला उभा? खेळ कधी ठरतोय तेवढं कळव, मी येतो."

परत येताना मर्विन गाडीत गुणगुणत होता. त्या रात्री तो उठला नाही, काठीला हात लावला नाही, सलग झोपला. वर्ना जागी राहून त्याचा श्वास ऐकत होती. तिला वाटलं, निम्मं औषध इथेच मिळालं.

चार दिवसांनी जेवताना त्यानं घास खाली ठेवला. "वर्ना, मला क्लेव्हकडे ने. मला त्याची माफी मागायचीये."

"मागितलीस तू. तो येणार आहे."

"कधी मागितली?"

"सोमवारी. मी होते ना बरोबर."

मर्विनचा चेहरा उतरला. "समजूत घालू नकोस माझी," तो म्हणाला. "असली गोष्ट मी विसरेन होय? मामा गेला तेव्हापासून छातीवर बसलंय ते. मागितली असती तर उतरलं नसतं?" आणि तो हुंदके द्यायला लागला. वर्नानं जेवण झाकलं आणि गाडी काढली.

शेडमध्ये तो टोपी हातात घेऊन उभा राहिला. क्लेव्हनं आधी त्याच्याकडे पाहिलं, मग दारातल्या वर्नाकडे. तिनं नुसती मान हलवली. क्लेव्हनं पातं खाली ठेवलं.

"कोण, बटाट्या?" तो म्हणाला. "मला वाटलं मेलास तू. कोणी कळवलं नाही, म्हणून दहाव्याला आलो नाही."

तसाच सगळा संवाद पुन्हा झाला, सूप सांडण्यापर्यंत. परत येताना मर्विन गुणगुणला आणि रात्री झोपला. पुढच्या आठवड्यात परत तेच. वर्नानं एकदा क्लेव्हला बाजूला गाठलं. म्हणाली, तुझ्या कामाचा खोळंबा होतो, मी त्याला काहीतरी सांगून घरी ठेवीन.

"नको," क्लेव्ह म्हणाला. "त्यानं पहिल्यांदा माफी मागितली तेव्हा मला बरं वाटलं. दुसऱ्यांदाही वाटलं. खोटं कशाला बोलू?"

खेळ वसंतात झाला. मैदानात चिखल होता. लांबघरातल्या म्हाताऱ्यानं मातीपासून ताऱ्यांपर्यंत सगळ्यांचे आभार मानले आणि कोणासाठी खेळायचं आहे ते सांगितलं. बाया स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. मर्विनच्या संघातली पोरं लाकडी काठ्या घेऊन आली होती, काहींच्या काठ्या उसन्या. क्लेव्ह समोरच्या बाजूला उभा होता. मर्विनच्या हातात हायरमची काठी होती, आणि मैदानात पाय ठेवताच त्याची पाठ सरळ झाली. अंगाला सगळं आठवत होतं.

चेंडू त्याच्याकडे आला. दुखऱ्या गुडघ्यांनी तो धावला. समोरून क्लेव्ह आला, काठी खाली घातली, मनगट झटकलं, आणि चेंडू गेला. क्लेव्ह हसला. मुद्दाम हसला की सवयीनं, ते त्यालाच ठाऊक. वर्नाच्या हातातली सूप वाढायची पळी तशीच राहिली, कारण तिला मर्विनचा उजवा खांदा वर जाताना दिसला. मैदानातल्या सगळ्यांनाच दिसला असावा, म्हातारे थबकले.

खांदा वर गेला, थोडा वेळ वरच राहिला आणि खाली आला.

"चोरा," मर्विन म्हणाला. "लहानपणापासून चोर तू." आणि तो हसायला लागला, तसं सगळं मैदान हसलं. वर्ना आत जाऊन चुलीशी रडली. खेळ संपल्यावर म्हाताऱ्यानं चेंडू मर्विनच्या तळहातावर ठेवला. घरी आणून त्यानं तो खिडकीत ठेवला, आणि काठी स्वतः खुंट्यांवर चढवली.

त्यानंतर डोकेदुखी कमी झाली. झोप लागू लागली. बाकीचं मात्र चालूच राहिलं. धाकट्या मुलीला तो मोठीच्या नावानं हाक मारू लागला, अरीनाचा रस्ता विसरला. शहरातून आलेली नर्स विचारायची, तुमच्या त्या खेळाचा काही उपयोग झाला का? वर्ना तिला कॉफी द्यायची आणि विषय बदलायची. माफी मागायला मात्र तो अधूनमधून जातच राहिला, उन्हाळाभर. वर्नाला आता त्याचा त्रास वाटत नव्हता. तेवढी एक गोष्ट त्याच्या मनात पक्की होती, तोवर तो तिचा मर्विन होता.

मेपलची पानं गळायला लागली त्या दिवसांत एका दुपारी तो म्हणाला, "चल, त्या काठीवाल्याकडे जाऊ."

वर्नानं गाडी काढली. क्लेव्हनं त्यांना पाहिलं, पातं बाजूला ठेवलं आणि खुर्ची पुढे केली. "कोण, बटाट्या? मला वाटलं मेलास तू."

मर्विन हसला आणि बसला. टोपी डोक्यावरच होती. त्यानं भिंतीवरच्या काठ्या पाहिल्या, एक उचलून तोलून पाहिली, छान आहे म्हणाला. क्लेव्ह वाट बघत राहिला. वर्ना दारात वाट बघत राहिली. मर्विननं काठी ठेवली, क्लेव्हच्या तोंडाकडे निरखून पाहिलं आणि विचारलं, "तुझा जबडा असा वाकडा कशानं झाला रे?"

क्लेव्हनं वर्नाकडे पाहिलं. मर्विनच्या छातीवरचं हे ओझं उतरावं म्हणून तिनं इतकी वर्षं मनातल्या मनात हात जोडले होते, आणि ते उतरलं होतं. पण डॉक्टरनं सांगितलं होतं, सगळ्यात खोल असेल ते शेवटी राहील. तेच गेलं. मग आता आत राहिलंय काय, आणि त्यात आपण कुठे आहोत?

"झाडावरून पडलो," क्लेव्ह म्हणाला. "लहानपणी. हिकरीच्या."

"अरेरे," मर्विन म्हणाला. त्यानं आपला जाड अंगठा पुढे केला आणि जिथे हाड मोडलं होतं तिथून अलगद फिरवला. "दुखतं अजून?"

"थंडीत थोडं."

"अंगावर काढू नको रे असं." मर्विनला खरंच वाईट वाटलं होतं, त्याचे डोळे भरून आले. "मी हायरममामाला सांगतो. त्याला कळतं ह्यातलं. आपण तुझ्यासाठी खेळ मागू. मी खेळेन ना तुझ्यासाठी."

क्लेव्हनं तोंड फिरवून बाहीनं डोळे पुसले. ढलप्या उडाल्यात, असं काहीतरी पुटपुटला.

"कधी ठेवायचा?" मर्विननं विचारलं.

"तू म्हणशील तेव्हा," क्लेव्ह म्हणाला.